मायक्रॉनराव

त्यांचं खरं नाव हजेरीच्या मशिनला ठाऊक आहे आणि वहिनींना. वहिनी ते घेत नाहीत आणि मशिनला बोलता येत नाही, त्यामुळे निगडीपासून महाळुंग्यापर्यंत ते नुसते मायक्रॉनराव.

मोटारीच्या पेंट शॉपमध्ये रंग तपासण्यात माणसाची तीस वर्षं गेली, की त्याच्या डोळ्यांचं काहीतरी होतं. तुम्हाआम्हाला गाडी दिसते, त्यांना गाडीवरचा थर दिसतो. खाली ईडी नावाच्या तळथराचे वीसेक मायक्रॉन, त्यावर प्रायमर, त्यावर रंग, त्यावर क्लिअर कोट, सगळं मिळून शंभर-सव्वाशे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हे ते ओळख झाल्यावर पाच मिनिटांत सांगतात. भिंत, इडली, व्याह्यांचं टक्कल, जे समोर येईल त्यावरून त्यांची बोटं आपसूक फिरतात. त्यांच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला मीही गेलो होतो. पोह्यांची बशी पुढे करणाऱ्या त्या मुलीकडे त्यांनी मान तिरकी करून, खिडकीतला उजेड गालावर येईल अशा बेताने पाहिलं आणि माझ्या कानात म्हणाले, "दीडशे मायक्रॉन. क्युरिंग झालेलं नाही."

त्यांची कुजबुज म्हणजे कंप्रेसरच्या आवाजावर मात करून बोलण्याची सवय. सगळ्यांनी ऐकलं. लग्न तरीही ठरलं. मुलगी जीवरसायनशास्त्रातली, तेव्हा गणेशखिंडीच्या बाजूला एका प्रयोगशाळेत पीएचडी करत होती. ती फक्त हसली. हे हसणं लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो. मायक्रॉनरावांनी तीस वर्षांत केसांना तेल लावलेलं नाही. सिलिकोनचा किंवा तेलाचा एक कण ओल्या रंगावर पडला की तिथे खळी पडते. त्याला क्रेटर म्हणतात, आणि मायक्रॉनरावांच्या लेखी चंद्रावरचे क्रेटरसुद्धा कुणीतरी तेल लावून आल्यामुळे पडलेले आहेत. कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणाऱ्याला ते आधी हुंगतात. डिओ मारलेली नवी पोरं म्हणूनच मागच्या सीटवर जातात.

जन्म एचए कॉलनीतला. वडील हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये. १९५४ साली पिंपरीत निघालेला हा देशातला पेनिसिलिनचा पहिला कारखाना. पिंपरीला आज लोक मोटारींचं गाव म्हणतात, पण तिची पहिली ओळख औषधाची. पेनिसिलिन जंतूला थेट मारत नाही, जंतू स्वतःभोवती जी भिंत बांधतो तिचं बांधकाम बंद पाडतं, आणि आपल्या पेशींना मुळात तशी भिंतच नसल्यामुळे आपण वाचतो. हे वडिलांनी लहानपणी पाडव्याच्या श्रीखंडाबरोबर भरवलेलं ज्ञान. "आमच्या घराण्याचा धंदाच पृष्ठभागाचा," असं मायक्रॉनराव सांगतात. "बापाने भिंती पाडल्या, मी रंग लावतो."

आयटीआय झालं, पिंपरीत नोकरी लागली, मग चाकणला नवीन प्लांट निघाले तसे ते तिकडे गेले. इथवर माणूस चारचौघांसारखा होता. शरीरशास्त्राची वाट त्यांना दाखवली ती अक्कांनी.

अक्का म्हणजे थोरल्या बहीण, खेडजवळच्या गावात दिलेल्या. त्यांच्या छातीवरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत झाली होती. सहा महिने त्यांनी ती पदराखाली ठेवली, कुणाला दाखवली नाही. परळला टाटा रुग्णालयात नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, ही अशी संत्र्याची साल कधीपासून आहे? मायक्रॉनराव तिथे उभे होते. रंगातल्या दोषांपैकी एकाचं नाव ऑरेंज पील आहे. त्या एका दोषापायी त्यांनी आयुष्यात किती बॉनेट परत पाठवली असतील याची गणती नाही. दर भाऊबीजेला समोर बसून ओवाळणाऱ्या बहिणीचं त्यांना कळलं नव्हतं.

याबद्दल ते माझ्याशी एकदाच बोलले, तेही बस चिंबळी फाट्यावर बंद पडली होती म्हणून.

अक्का गेल्या त्या वर्षी मायक्रॉनरावांनी वाचायला सुरुवात केली. समोर येईल ते, मिळेल त्या भाषेत, डिक्शनरी मांडीवर घेऊन. दोन वर्षांनी आमच्या प्राधिकरणातल्या सोसायटीत त्यांची एक वेगळीच ख्याती झाली. रविवारी सकाळी दहा ते बारा त्यांच्या दारात चपलांचा ढीग पडू लागला. आत मंडळी फायली घेऊन बसलेली. कुणाचं थायरॉईड, कुणाची साखर, कुणाचं क्रिएटिनिन. मायक्रॉनराव हिरवं पेन घेऊन प्रत्येक आकड्यासमोर शेरा मारत. ओके. रिवर्क. होल्ड. पाटील आजोबांच्या कोलेस्टेरॉलपुढे 'रिवर्क' आलं, तेव्हा त्यांनी सुनेला विचारलं की हे घरच्या घरी होईल का भोसरीला टाकावं लागेल. एका काकूंना 'होल्ड' मिळाला, तर त्या दोन दिवस जेवल्या नाहीत, कारण नक्की काय धरून ठेवायचं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

असा एक माणूस हल्ली प्रत्येक सोसायटीत असतो. डॉक्टर घाईत असतात, रिपोर्ट इंग्रजीत असतो, ठळक टायपात छापलेला एक आकडा रात्रभर झोपू देत नाही. तेव्हा शेजारी कुणीतरी चष्मा कपाळावर सरकवून "बघू" म्हणणारा लागतोच. त्याला काय कळतं हा प्रश्न नंतरचा.

पुतणसून घरात आल्यावर मायक्रॉनरावांना मालाचा पक्का पुरवठादार सापडला. तिचा विषयच पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्लायकोलिपिडांचा. पहिल्या पाडव्याला जेवणं झाल्यावर त्यांनी तिला विचारलं, "म्हणजे काय गं ते?" तिने गच्चीतल्या गुढीकडे बोट दाखवलं.

"काका, पेशीचं आवरण स्निग्ध असतं. त्यात अशा लाखो बारक्या गुढ्या रोवलेल्या असतात. काठी चरबीची, ती आत रुतलेली. बाहेर लोंबते ती साखरेची गाठी. तुकड्याला तुकडा जोडून केलेली. कुठला तुकडा, किती, कोणत्या क्रमाने, यावरून शेजारच्या पेशीला कळतं की हे घर कुणाचं."

मी तर या गाठीवर खूश झालो. मायक्रॉनरावांना ती मुळीच पटली नाही. ते म्हणाले, "गुढी नाही, हा टॉप कोट आहे."

तेव्हापासून आमच्या घरांमध्ये गुढीवादी आणि कोटवादी असे दोन पक्ष आहेत. मी गुढीवादी. कारण रंग एकदा भट्टीत भाजला की बसला, पण पेशी तिचं हे आवरण सतत आत ओढून घेते, दुरुस्त करते आणि पुन्हा बाहेर मांडते. आमच्या पक्षाला बसमध्ये मात्र मतं मिळत नाहीत.

त्या दिवशी मायक्रॉनरावांना दुःख झालं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्यांनी आवरणाची जाडी विचारली. सात-आठ नॅनोमीटर, ती म्हणाली. नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग. ते बराच वेळ गप्प होते. मग वहिनींना म्हणाले, "ऐकलंस? म्हणजे मी आयुष्यभर गिलाव्याचं काम केलं."

त्यांची खरी व्याख्यानमाला भरते चाकणच्या तळेगाव चौकात. मोशी ओलांडली, इंद्रायणीचा पूल गेला, कुरुळी गेलं, आळंदी फाट्यापर्यंत बस कशीबशी येते. पुढे ट्रेलर, टँकर, कांद्याचे ट्रक आणि आमच्यासारख्या पन्नास कंपन्यांच्या बसा एकमेकींकडे बघत उभ्या राहतात. १६६० साली शाहिस्तेखानाला चाकणच्या किल्ल्यापाशी पन्नासहून अधिक दिवस खोळंबून राहावं लागलं होतं. तो किल्ला लढवणाऱ्या फिरंगोजी नरसाळ्यांनंतर ती परंपरा आता हा चौक चालवतो. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं की मायक्रॉनराव उभे राहतात.

"तर हाकोमोरीसान," ते सुरू करतात.

सेनितिरो हाकोमोरी हा मूळचा जपानी शास्त्रज्ञ पुढे अमेरिकेत सिॲटलला गेला. १९६८ साली त्याने आणि मुराकामी नावाच्या त्याच्या सहकाऱ्याने हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशी घेतल्या. काही चांगल्या, काही पॉलिओमा विषाणूने बिघडवून कॅन्सरच्या वळणावर नेलेल्या. दोन्हींच्या पृष्ठभागावरचे ग्लायकोलिपिड मोजले. चांगल्या पेशीत साखरेची साखळी पुढपर्यंत गेलेली, बिघडलेल्या पेशीत ती अलीकडेच थांबलेली. पुढचा तुकडा जोडायचं काम झालंच नव्हतं.

"म्हणजे काय?" मायक्रॉनराव बसला विचारतात आणि स्वतःच उत्तर देतात, "ऑपरेटरने कोट खाल्ला!"

इथे टाळ्या पडतात, कारण कोट खाणारा ऑपरेटर प्रत्येकाने पाहिलेला असतो. पुढे कॅन्सरात दुसऱ्याही तऱ्हा सापडल्या. काही पेशी अर्धवट कोटावर थांबतात, तर काही एरवी त्या अवयवात क्वचितच दिसणारी साखळी भरमसाट बनवतात. "हॅचबॅकला डंपरचा रंग," मायक्रॉनराव. त्याहून बेरकी पेशी स्वतःच्या अंगावरचे हे ग्लायकोलिपिड आजूबाजूला सोडून देतात आणि त्याने रक्षक पेशी मंदावतात. यावर मागच्या सीटवरचा एक डिओवाला ओरडला होता, "गेटवरच्या सिक्युरिटीच्या डोळ्यात थिनर!" मायक्रॉनरावांनी त्याला तिथल्या तिथे पुढच्या सीटवर बढती दिली, हुंगल्याशिवाय.

बसमध्ये त्या शब्दाचं 'ग्लायकोलिपस्टिक' झालेलं आहे. मायक्रॉनराव चिडत नाहीत. त्यांच्या मते तेही कोटिंगच.

एकदा कंपनीत जपानहून रंगाचे ऑडिटर आले. सगळे ताठ उभे. पेंट बूथचा दाब, भट्टीचं तापमान, सगळं नीट पार पडलं आणि शेवटी पाहुण्यांनी विचारलं, काही प्रश्न? मायक्रॉनराव पुढे झाले आणि म्हणाले, "हाकोमोरीसान, यू नो?" पाहुणे दचकले. कमरेत वाकले. वहीत काहीतरी लिहून घेतलं. पंधरा दिवसांनी ऑडिटचा अहवाल आला, त्यात एक कलम होतं की हाकोमोरी नावाच्या पुरवठादाराबद्दल प्लांटची जी तक्रार आहे तिचा आठ टप्प्यांत खुलासा पाठवावा. तो खुलासा मायक्रॉनरावांनी पाठवला. आठही टप्प्यांत. चौथ्या टप्प्यात मूळ कारण म्हणून त्यांनी 'पॉलिओमा विषाणू' लिहिलं. तिकडून पुन्हा पत्र आलं नाही.

लहान मुलांना होणाऱ्या न्यूरोब्लास्टोमाबद्दल बोलताना मात्र त्यांचा आवाज उतरतो. मज्जापेशींच्या कोवळ्या अवस्थेतून निघणारी ही गाठ. तिच्या पेशींवर जीडी२ नावाच्या ग्लायकोलिपिडाची दाटी असते. त्या खुणेला जाऊन चिकटेल अशी प्रतिपिंडं तयार केली, की ती पेशीवर बसून रक्षक पेशींना बोलावतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नेहमीच्या उपचारांत ही प्रतिपिंडं आणि त्यांच्या मदतीची औषधं मिळवल्यावर दोन वर्षांनी रोग न उलटलेली मुलं शंभरात ६६ होती, त्यांच्याशिवाय ४६. मार्च २०१५ मध्ये अमेरिकेत त्या औषधाला परवानगी मिळाली, डिनुटुक्सिमॅब त्याचं नाव. पण जीडी२ आपल्या चांगल्या मज्जातंतूंवरही थोडं असतं. औषध तिथेही चिकटतं, आणि मुलांना इतक्या वेदना होतात की सोबत मॉर्फिनसारखं औषध चालू ठेवावं लागतं.

"ओव्हरस्प्रे," मायक्रॉनराव म्हणतात. "मास्किंग करायला जागाच नाही. टेप लावणार कुठे?"

या वाक्याला बसमध्ये कुणी हसत नाही. माझं म्हणणं असं, की एवढ्या एका उपमेपुरते कोटवादी बरोबर आहेत.

ज्ञानाने माणूस नम्र होतो असं म्हणतात. मायक्रॉनरावांच्या ज्ञानाने आमचा रविवार नासला. झालं असं, की अजित वर्की या शास्त्रज्ञाच्या कामाबद्दल पुतणसुनेने त्यांना सांगितलं. साखरेच्या या साखळ्यांच्या टोकाला बहुधा सियालिक आम्ल असतं. त्याचा एक प्रकार बकरी, गाय, डुक्कर बनवतात, आणि माणूस बनवू शकत नाही. लाखो वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांत ते यंत्र बंद पडलं. तरी माणसाच्या पेशींवर, आणि गाठींवर, तो परका तुकडा थोडाफार सापडतो. कारण तो मटणातून, दुधातून पोटात जातो आणि आपल्या पेशी तो उचलून वापरतात.

पुतणसुनेने लगेच जोडलं होतं की यावरून मटणाने कॅन्सर होतो असं सिद्ध होत नाही, अभ्यास चालू आहे. ते वाक्य मायक्रॉनरावांपर्यंत पोचलं नाही. पुढच्या रविवारी आम्ही दहा जण चाकणजवळच्या एका हॉटेलात चुलीवरच्या मटणावर बसलो असताना त्यांनी ताटातला तुकडा काट्याने वर उचलला आणि म्हणाले, "हा बघा. बॉट-आउट पार्ट."

ज्यांनी कारखान्यात काम केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. जो सुटा भाग आपण स्वतः न बनवता बाहेरून आणून बसवतो तो बॉट-आउट. रस्सा थंड झाला. दोघांनी तिथल्या तिथे पिठलं मागवलं. हॉटेलवाल्याने मला बाजूला घेऊन विचारलं की हे साहेब अन्नभेसळवाले आहेत का.

रक्तगटाचं त्यांचं प्रेम याच काळातलं. ए, बी, ओ हे गटसुद्धा तांबड्या पेशीवरच्या साखरेच्या साखळ्यांचेच खेळ आहेत. काही साखळ्या प्रथिनांवर बसलेल्या, काही चरबीच्या काठीवर. आणि या खेळातलं सगळ्यात चमत्कारिक पान मुंबईत उलटलं. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये अशा माणसांबद्दल लिहिलं, ज्यांच्या रक्तात ए नाही, बी नाही आणि ओ गटवाल्यांकडे असते ती एच नावाची पायाभूत साखळीसुद्धा नाही. त्यांना ओ गटाचं रक्तही चालत नाही. 'बॉम्बे' रक्तगट हे नाव तेव्हापासून जगभरच्या पुस्तकांत आहे. शहराचं नाव बदललं, रक्ताचं कुणी बदललं नाही.

मायक्रॉनराव याला 'प्रायमरच नसलेली बॉडी' म्हणतात. वर्षभर त्यांना दाट संशय होता की आपला गट तोच असणार. तपासला. बी पॉझिटिव्ह निघाला. आपल्याकडे हा अगदी घरोघरी आढळणारा गट. त्या संध्याकाळी ते फार उदास होते.

आणि मग त्यांना ती खूण सापडली जिच्यामुळे हे सगळं लिहायला मी बसलो.

हल्ली आमच्या भागात पूर्ण शरीर तपासणीच्या पॅकेजांचा सुकाळ आहे. गणपतीत एक, दिवाळीत एक, जोडप्याला सवलत, पहाटे घरी येऊन रक्त नेतात. मायक्रॉनरावांनी घेतलेल्या पॅकेजात 'कॅन्सर मार्कर' म्हणून सीए १९-९ होतं. या नावामागे जी गोष्ट आहे तिने त्यांना वेड लावलं. १९७९ साली अमेरिकेत हिलरी कोप्रोव्स्की यांच्या गटाने मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी उंदरांना टोचून प्रतिपिंडं मिळवली. त्यांतल्या एकाचा क्रमांक १११६-एनएस-१९-९. ते प्रतिपिंड ज्या खुणेला चिकटतं ती खूण पुढे एका ग्लायकोलिपिडावरची साखरेची साखळी निघाली, आणि क्रमांकाचं शेपूट तिचं नाव झालं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरात रक्तात ती बऱ्याचदा वाढते.

"पार्ट नंबर आहे त्याला!" मायक्रॉनराव तीन चौक हेच सांगत होते. "आणि लिमिट आहे. ३७. वर गेला तर होल्ड, खाली राहिला तर ओके. गो, नो-गो. याला म्हणतात गेज!"

त्यांचा रिपोर्ट आला. मर्यादा ३७, मायक्रॉनराव २ पेक्षा कमी. यंत्राला मोजताच येत नाही इतका कमी. त्यांनी चाकणहून दोन किलो पेढे आणले. रिपोर्ट लॅमिनेट झाला, शोकेसमध्ये लाफिंग बुद्धाच्या शेजारी उभा राहिला. त्यावर हिरव्या पेनाने 'ओके', आणि खाली 'झिरो डिफेक्ट'. शेजारच्या देशपांड्यांचा आकडा ४४ आला होता. मायक्रॉनरावांनी त्यांना होल्डवर टाकलं आणि भेटेल त्याच्याकडे हळहळ व्यक्त केली. त्यांची हळहळ म्हणजे पुन्हा कंप्रेसरच. देशपांडे आठवडाभर मृत्युपत्राचा मसुदा करत होते. नंतर सोनोग्राफीत पित्ताशयातला खडा निघाला, पित्ताच्या वाटेत अडकलेला. तो काढला, आकडा उतरला. पित्त अडलं, कावीळ झाली, स्वादुपिंडाला सूज आली तरी ही खूण वाढते. धडधाकट माणसाची कॅन्सरसाठी चाळणी करायला ती वापरू नये असं डॉक्टर सांगतात. निदान झालेल्या रुग्णाचा उपचार कसा चाललाय हे पाहायला तिचा खरा उपयोग. पॅकेजच्या जाहिरातीत एवढी जागा नसते.

पुतणसून महिन्याभराने घरी आली. पेढा खाल्ला, शोकेससमोर उभी राहिली, लॅमिनेशनवरून हलकेच बोटांची मागची बाजू फिरवली.

"काका, तुमचा लुईस गट तपासलाय?"

"बी पॉझिटिव्ह."

"तो नाही. लुईस वेगळा. १९४६ साली इंग्लंडमध्ये सापडलेला." आणि ती शांतपणे सांगत गेली. सीए १९-९ ची साखळी पुरी व्हायला तिला शेवटी फ्यूकोज नावाचा एक तुकडा जोडावा लागतो. तो जोडणारं यंत्र लुईस गटाच्या जनुकावरून बनतं. जगात शंभरातल्या पाच-दहा माणसांत ते यंत्र चालत नाही. अशा माणसाला, देव न करो, स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला तरी ही खूण जवळपास बनतच नाही. आकडा शून्यालाच चिकटून राहतो.

मायक्रॉनरावांनी विचारलं, "म्हणजे मी ओके नाही?"

"ओके आहात की नाही ते या गेजला कळत नाही, काका. जॉब ठीक असेल. पण तुम्हाला हे गेज लागूच होत नाही बहुतेक."

मग ती हसली. तेच, पोह्यांच्या दिवशीचं.

त्या रात्री मायक्रॉनरावांच्या खोलीतला दिवा दोनपर्यंत चालू होता, असं समोरच्या बिल्डिंगमधून दिसत होतं. तीन आठवडे बसमध्ये व्याख्यान झालं नाही. तळेगाव चौकात लोक अस्वस्थ होऊन एकमेकांशी बोलू लागले, काही जणांची तर ओळख झाली. मायक्रॉनरावांनी पुण्यात जाऊन लुईस गट तपासून घेतला. काउंटरवरच्या मुलाला तो जीन्सचा ब्रँड वाटला होता. दोन्ही रकान्यांत निगेटिव्ह आलं.

चौथ्या सोमवारी ते पुन्हा उभे राहिले. चेहरा उजळलेला. पुतणसुनेकडून त्यांना आणखी एक गोष्ट कळली होती. तांबड्या पेशी लुईसचे ग्लायकोलिपिड स्वतः बनवतच नाहीत. ते बनतात दुसरीकडे, रक्तातून वाहत येतात आणि तांबड्या पेशी ते उचलून आपल्या अंगावर चढवतात.

"बॉट-आउट!" बस एका आवाजात ओरडली.

"बॉट-आउट," मायक्रॉनराव तृप्त होऊन म्हणाले. "आणि माझ्या अंगावर तोही नाही. मी बेअर मेटल."

शोकेसमधला रिपोर्ट अजून तिथेच आहे. 'झिरो डिफेक्ट' खोडलेलं आहे आणि बाजूला हिरव्या पेनाने लिहिलंय, 'गेज लागू नाही'. देशपांड्यांची त्यांनी घरी जाऊन माफी मागितली, सोबत पेढे नेले. पित्ताचा खडा काढलेल्या माणसाला इतके पेढे चालतात का हे विचारायचं राहून गेलं.

शेऱ्यांत आता एक भर पडली आहे. ओके, रिवर्क, होल्ड आणि चौथा, 'डॉक्टरांना दाखवा'. हल्ली चौथाच जास्त मारला जातो. बायकांच्या फायली वहिनी आतल्या खोलीत घेऊन बसतात. त्या आकड्यांकडे फारसं बघत नाहीत. अंगावर कुठे गाठ, कुठे कातडी बदललेली, असं काही लपवून ठेवलं आहे का, एवढंच विचारतात. हा प्रश्न मायक्रॉनरावांनी त्यांना लिहून दिलेला आहे.

वेळ तीच, रविवारी सकाळी दहा ते बारा. फी नाही. फक्त येताना केसांना तेल लावून येऊ नका.